सहा लाखांच्या होम ऑडिओ सिस्टीमवर शास्त्रीय संगीत ऐकतो. स्ट्रीमिंगचा आवाज सीडीच्या तोडीचा मिळतो का? कोणती सेवा घ्यावी?

मिळतो. पण तुमची तक्रार सेवा बदलून जाणार नाही.

तुम्ही लिहिलंय की मोठे फ्लोअरस्टँडिंग स्पीकर, वेगळा डॅक (डिजिटल आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र), वेगळा ॲम्प्लिफायर असं सगळं घेतलं, ऐकणं मुख्यतः जुने ख्याल आणि नाट्यपदं, तरी स्ट्रीमिंगवर गाणं फिकं लागतं, आणि दुकानदार म्हणतो की केबल आणि स्ट्रीमर (इंटरनेटवरून गाणं ओढून घेणारं यंत्र) बदला. कृपा करून केबल बदलू नका.

आकड्यांचा वाद खरं तर मिटलेला आहे. सीडीत १६ बिट (आवाजाच्या प्रत्येक नमुन्याची बारकाई) आणि ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) असतात. ॲपल म्युझिक जून २०२१ पासून त्याच वर्गणीत लॉसलेस, म्हणजे एकही बिट न गाळलेला आवाज, देतं, काही ध्वनिमुद्रणं तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. स्पॉटिफायने सप्टेंबर २०२५ मध्ये २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झपर्यंतचं लॉसलेस आणलं. म्हणजे सीडीवरचा प्रत्येक बिट तुमच्या डॅकपर्यंत पोचू शकतो. तो पोचूनही गाणं फिकं लागत असेल, तर कंपनीने वर चढवलेली प्रतच फिकी आहे. हे मी इतक्या ठामपणे का म्हणते ते सांगते, थोडं लांबेल.

मी मिरजेची. आमचं घर तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या वस्तीला लागून होतं. शाळेतून येताना जवारी लावणारे कारागीर दिसायचे: घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) कानशीने घासायची, तार छेडायची, कान लावायचा, पुन्हा घासायची. तारेखाली सुताचा धागा सरकवून तार 'बोलती' करायची. याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर त्यांना इथल्याच दर्ग्यात दफन केलं, आणि तिथे दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. पुढे मी गाणं शिकले आणि आमच्या गाण्याच्या बाईंच्या मागे तानपुऱ्यावर अनेक वर्षं बसले. मागे बसणाऱ्याकडे श्रोत्यांचं लक्ष नसतं, पण गायकाचं सगळं लक्ष त्या दोन तानपुऱ्यांकडे असतं. नीट मिळवलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार आपोआप ऐकू येतो. कोणी छेडलेला नसतो, तरी असतो. ही काही श्रद्धेची गोष्ट नाही. तारेचा पाचवा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा उपस्वर, तिथेच पडतो. तार जिथे छेडली तिथे ज्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू आहे तो उमटायला नको, तरी तानपुऱ्यात तो उमटतो, आणि याचं कारण त्या रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीत आहे, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवलं आहे.

माझे धाकटे दीर ठाण्याला असतात. त्यांची सिस्टीम तुमच्यासारखीच, कदाचित थोडी महाग. त्यांना गाण्याची खरी आवड आहे आणि त्यांनी ती हौसेने जमवली आहे, याबद्दल मला आदरच आहे. गौरी-गणपतीला आम्ही सगळे त्यांच्याकडे होतो. रात्री आरती झाल्यावर दिवे मंद करून त्यांनी किराणा घराण्याच्या एका गायिकेची जुनी मैफल लावली. तीच मैफल माझ्याकडे सीडीवर आहे आणि त्याआधी कॅसेटवर होती. तिची जागा न जागा मला पाठ आहे.

"वहिनी, नीट ऐका. चोवीस-शहाण्णव आहे. बाई समोर बसल्यात की नाही?"

चोवीस-शहाण्णव म्हणजे २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. आवाज खरंच समोर होता. स्वच्छ, मोठा, अगदी जवळ. पण पहिल्याच आलापानंतर गायिकाबाईंनी श्वास घेतला आणि त्या जागी काहीच नव्हतं. काळा खड्डा. पुन्हा सूर लागला, पुन्हा थांबल्या, पुन्हा खड्डा.

"भाऊजी, तानपुरा कुठे गेला?"

"आहे की, मागे आहे."

"मागेही नाहीये. त्या थांबतात तेव्हा ऐका ना."

"तो जुन्या टेपचा हिस होता वहिनी, मागची सळसळ, तो काढलाय त्यांनी. तुम्हाला कॅसेटची सवय. सवयीने माणसाला कचराही गोड लागतो."

हे ते सगळ्यांसमोर म्हणाले, आणि सगळे हसले. मी माझ्या फोनवर त्याच मैफलीची दुसरी प्रत शोधली. एका जुन्या संकलनात होती, आणि ज्या सेवेवर होती तिथे लॉसलेस नव्हतं. फोन तारेने त्यांच्याच ॲम्प्लिफायरला जोडून लावली. हिस होता, हो. पण तानपुरा होता. गायिका थांबली की तो पुढे येऊन जागा धरत होता, आणि पुढचा सूर त्याच्या पोटातून निघत होता. मी म्हटलं, हा फरक ऐकू येतोय का? भाऊजी म्हणाले, "ही कॉम्प्रेस्ड फाइल आहे. यात बिट गळालेत. तुम्हाला गाणं कळतं वहिनी, आवाज ही वेगळी गोष्ट आहे."

हे वाक्य मला लागलं. तानपुऱ्याची जवारी ऐकायला ज्यांचे कान तयार झालेत, त्यांना 'आवाज' कळत नाही आणि डॅकवरचा आकडा वाचणाऱ्याला कळतो, हे मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही.

भाऊबीजेला पुन्हा जमलो तेव्हा मी सीडी घेऊन गेले. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. त्याने सीडी लॉसलेसमध्ये उतरवून घेतली, त्याच फाइलची ३२० केबीपीएसची (सेकंदाला ३२० किलोबिट) दाबलेली प्रत केली, आणि तिसरी ती सेवेवरची चोवीस-शहाण्णव. तिन्हींची पातळी मोजून सारखी केली. हे फार महत्त्वाचं आहे, कारण एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी कानाला तीच प्रत 'भरदार' वाटते. मग लॅपटॉपचा स्क्रीन कोणालाच दिसणार नाही असा फिरवून त्याने उलटसुलट क्रमाने तुकडे वाजवले. सीडीची लॉसलेस कोणती आणि ३२० कोणती, यात भाऊजींची उत्तरं जेवढी बरोबर तेवढीच चूक आली. माझीही तशीच. पण सीडी कोणती आणि चोवीस-शहाण्णववाली कोणती, हे दोघांनाही दर वेळी पहिल्या श्वासातच कळलं. स्वयंपाकघरातून बाहेर आलेल्या जाऊबाईंनाही कळलं, आणि त्यांना या विषयात काडीचा रस नाही.

म्हणजे ज्या फरकासाठी लोक लाखो रुपये मोजतात तो आम्हाला सापडला नाही, आणि ज्या फरकाकडे कोणी बघत नाही तो भिंतीसारखा समोर उभा होता.

भाऊजींचं म्हणणं, लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट खराब असणार. ठीक आहे. पण मग हे बघा: २००७ मध्ये ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात असाच प्रयोग छापला. सुपर ऑडिओ सीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीपेक्षा मोठ्या आकड्यांच्या तबकड्यांचा आवाज एकदा जसाच्या तसा, एकदा मध्ये १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झमधून फिरवून, कोणता कोणता हे न सांगता ऐकवला. ऐकणाऱ्यांत ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातली माणसं होती. ५५४ चाचण्यांपैकी २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवूनही साधारण एवढंच येतं.

आता तानपुरा जातो कुठे? जुनी टेप साफ करताना तंत्रज्ञ सहसा असा तुकडा शोधतो जिथे फक्त हिस आहे, गाणं नाही. संगणकाला सांगतो, हा आवाज म्हणजे कचरा, हा सगळीकडून वजा कर. पाश्चात्त्य संगीतात किंवा सिनेमाच्या गाण्यात असा तुकडा मिळतो. आपल्या मैफलीत मिळत नाही, कारण तानपुरा पहिल्यापासून शेवटपर्यंत सुरूच असतो. गायक थांबला म्हणून ती जागा 'रिकामी' समजून तिथला नमुना घेतला, की तानपुराच कचरा ठरतो. नमुना नीट घेतला तरी धोका आहेच. तानपुऱ्याच्या झंकाराचं शेपूट इतकं बारीक आणि इतक्या उंच हार्मोनिकचं असतं की ते हिसच्याच पातळीला जाऊन मिसळतं. हिस खरवडला की ते शेपूटही जातं. जे उरतं त्यात पाण्याखाली बोलल्यासारखी चिवचिव असते. चांगल्या स्पीकरवर ती जास्त ऐकू येते, साध्यावर लपते. सिस्टीम महाग घेतल्यावर स्ट्रीमिंग फिकं वाटायला लागतं, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

आणि मग त्या खरवडलेल्या प्रतीवर २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचा शिक्का बसतो. १६ बिटमध्ये सर्वांत बारीक ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत ९६ डेसिबलची पट्टी मावते. जुन्या टेपवर मुळात ६०-७० डेसिबलच असतात. मग २४ बिटचं करायचं काय? ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं येतं, आणि पन्नाशीच्या माणसाला १४ किलोहर्ट्झ ऐकू आले तरी पुष्कळ. जुन्या मैफलीसाठी हाय-रेझ, म्हणजे सीडीपेक्षा मोठे आकडे, हा फक्त मोठा डबा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा सेवा निवडण्याआधी प्रत निवडायला शिका. एकच मैफल तीन-चार वेगवेगळ्या मुखपृष्ठांखाली असते. सगळ्या उघडा आणि पहिला आलाप संपतो तिथे थांबा. श्वासाच्या जागी तानपुरा आहे का? टाळ्या टाळ्यांसारख्या वाटतात की तळणीच्या आवाजासारख्या? जुनं मोनो ध्वनिमुद्रण ओढूनताणून दोन स्पीकरमध्ये पसरवलंय का? तबला एका बाजूला झुकतो आणि गायकाभोवती विहिरीसारखा घुमारा येतो, तो नंतर घातलेला असतो. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्यांत आणखी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे पट्टी. त्या तबकड्या सगळ्या अचूक ७८ फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नव्हत्या, आणि उतरवून घेताना वेग चुकला तर सूर सरकतो. वेग सुमारे ६ टक्के वाढला की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गायला लागतो, आवाज पातळ होतो, ताना उगाच चपळ वाटतात. नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या ऐकताना अनेकांना वाटतं की तेव्हाचे गवई फार वरच्या पट्टीत आणि भरभर गायचे. काही गायचेही, पण काही ठिकाणी ते फिरणाऱ्या चकतीचं काम आहे. फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून पट्टी ताडून बघा.

सेवांवरची तारीख मानू नका. ती बहुतेक वेळा त्या आवृत्तीची असते, मैफलीची नसते. साथीला कोण आहे हे तर कित्येकदा लिहिलेलंच नसतं, आणि ही मला बिटरेटपेक्षा फार मोठी उणीव वाटते. तबल्यावर कोण, पेटीवर कोण, मागे तानपुऱ्याला कोण, हे सीडीच्या कागदावर असायचं. आता ते जवळजवळ पुसलं गेलंय.

सेटिंगचं पटकन सांगते, तुम्हाला बरंच माहीत असेल. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं नॉर्मलायझेशन बंद करा, निदान 'लाउड'वर ठेवू नका. एक ट्रॅक विरताना दुसरा त्यावर चढवणारा क्रॉसफेड बंदच हवा. विलंबित आणि द्रुत हे दोन ट्रॅक केलेले असतात, आणि मध्ये एक क्षणही खंड पडला किंवा एकावर एक चढले तर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, हातातून जाते. फोनवरून ब्लूटूथने पाठवू नका, तिथे लॉसलेस फाइल पुन्हा दाबली जाते आणि तुमची वर्गणी वाया जाते. स्ट्रीमर किंवा ॲम्प्लिफायर स्वतः इंटरनेटवरून गाणं ओढत असेल तर उत्तम, नाहीतर साधी यूएसबी तार पुरे.

आणि खोली. तुम्ही खोलीबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही, म्हणून मला शंका आहे. भाऊजींच्या हॉलमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल, एका बाजूला काचेचं सरकतं दार, समोर कोरी भिंत. मध्ये उभं राहून टाळी वाजवली की 'टर्रर्र' असा आवाज उमटतो. साडेअकरा फुटांवर समोरासमोर भिंती असतील तर सुमारे ४९ हर्ट्झला खोली स्वतःच गुंजायला लागते. स्पीकर कोपऱ्यात असले की डग्ग्यावर तळहात सरकवून काढलेला प्रत्येक घिस्सा गोधडीत गुंडाळल्यासारखा फुगतो आणि त्याच्याखाली बारीक सगळं दबतं. जाड सतरंजी, जड पडदे, पुस्तकांचं उघडं कपाट आणि स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे, एवढ्याने जो फरक पडतो तो कोणत्याही केबलने पडणार नाही. भाऊजींनी एका चांगल्या मिरजी तानपुऱ्याच्या किमतीची केबल घेतली आहे. सतरंजी अजून घातलेली नाही, कारण जाऊबाईंना ती फरशीवर नको आहे, आणि घर त्यांचंही आहे, त्यामुळे तिथे मी बोलत नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. वरचं सगळं जुन्या मैफलींबद्दल आहे. आज स्टुडिओत २४ बिटमध्ये मुद्रित केलेल्या गाण्यांना हे लागू नाही, तिथे हाय-रेझ घेतलंत तर नुकसान काहीच नाही. कमी बिटरेटला, म्हणजे ९६-१२८ केबीपीएसला, आवाज खरंच बिघडतो. झांज, टाळ, टाळ्या यांत लगेच कळतं, आणि 'ऑटोमॅटिक'वर ठेवलं तर नेट मंदावल्यावर नकळत तिथे घसरण होते. ३२०मधले दोष ओळखू शकणारी, त्यासाठी कान तयार केलेली माणसं आहेत. ती कोणत्या तुकड्यात काय शोधायचं हे जाणतात. तुम्ही त्यांपैकी असाल तर लॉसलेस तुमच्यासाठी आहेच. आणि सगळी सफाई वाईट नसते. जाणत्या हाताने, तानपुरा सांभाळून केलेल्या प्रतीही आहेत, त्या ऐकल्या की हातच जोडावेसे वाटतात.

तर सेवा कोणती? टायडल आणि क्वोबझ या लॉसलेस सेवा भारतात अधिकृतपणे मिळत नाहीत. परदेशातल्या नातेवाइकाच्या खात्यावरून चालवण्याची खटपट मी तरी करणार नाही. राहिल्या ॲपल आणि स्पॉटिफाय. दोन्हींची महिनाभराची वर्गणी घ्या, तुमच्या आवडीच्या दहा-बारा मैफली दोन्हीकडे शोधा, आणि जिथे जास्त चांगल्या प्रती सापडतील ती ठेवा. हिंदुस्तानी संगीतात हा हिशेब प्रत्येक गायकागणिक बदलतो, म्हणून मी एक नाव देत नाही. ज्या मैफली सीडीवर आहेत त्यांच्या सीडी विकू नका. साध्या ड्राइव्हवर लॉसलेस उतरवून ठेवा. कंपनीने उद्या सेवेवरची प्रत बदलली तर तुम्हाला कोणी कळवणार नाही.

गाणं फिकं वाटतं असं लिहिलंत, पण कोणाची कोणती मैफल ते लिहिलं नाहीत. ते प्रश्नात घाला. माझ्याकडे असेल तर कोणत्या आवृत्तीत तानपुरा शाबूत आहे ते तपासून सांगते.